असं का बांधलंय? बेळगावात भाड्याचा फ्लॅट बघताना

बेळगावात भाड्याने फ्लॅट बघायला निघालं की दोन-चार घरांतच एखादं असं भेटतं: दार उघडल्या उघडल्या समोर बेसिन, बेडरूमला जायची वाट किचनमधून, बाथरूमला एक पायरी चढायची आणि मागची खोली हॉलपेक्षा तीन पायऱ्या खाली. मालकांना विचारलं की उत्तर ठरलेलं. "त्यात काय ओ, एवढी माणसं राहून गेली की!" राहून गेली हे खरंच. का गेली, ते मात्र मालक सांगत नाहीत, आणि आपणही संकोचानं विचारत नाही.

रचना विचित्र आहे म्हणून घर वाईट असतं असं नव्हे. फक्त त्या विचित्रपणाचं कारण आपल्याला कळायला हवं. जागाच तशी वेडीवाकडी असेल, तर तिच्याशी जुळवून घेता येतं. घर एकदम बांधलेलं नसेल, जमेल तसं वाढवत नेलेलं असेल, तर जरा बारकाईनं बघावं लागतं. आणि मूळ बांधलं होतं एका कामासाठी, आता वापर दुसराच, असं निघालं तर भाड्यात घासाघीस करायला जागा असते. कधीकधी चहा पिऊन सरळ निघून यावं लागतं. यातलं आपल्यासमोरचं घर कोणतं, हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. अर्धा तास आणि न लाजता प्रश्न विचारायची तयारी पुरते.

गल्लीतली लांबोडकी घरं

रामदेव गल्ली, कडोलकर गल्ली, गणपत गल्ली किंवा शहापुरातल्या गल्ल्या बघा. इथले जुने प्लॉट तोंडाला अरुंद आणि मागे लांबच लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत चिकटलेली, त्यामुळे उजेड आणि वारा फक्त पुढून नि मागून. जुन्या घरात पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं अशी एकामागून एक रांग असायची. माजघर अंधारं असायचंच. त्यावर उपाय म्हणून कौलांत एखादं काचेचं कौल बसवलेलं असे. पुढे दोन भावांची वाटणी झाली की मधून उभी भिंत घातली जायची आणि मुळातच अरुंद असलेलं घर निम्म्यावर यायचं.

आता त्याच जागेवर तीन-चार मजली अपार्टमेंट उभं राहिलंय. जागा मात्र बदललेली नाही. म्हणून फ्लॅटमध्ये मधली खोली बिनखिडकीची, किंवा तिची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या पोटातल्या उभ्या पोकळीत, उघडणारी. म्हणून एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी वाट. इथे बिल्डरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपण एवढंच ठरवायचं की मधल्या खोलीत कोण झोपणार. नवरा-बायको आणि लहान मूल असेल तर अशी घरं निभतात. कॉलेजची तीन पोरं किंवा दोन पिढ्या एकत्र राहणार असतील तर दर रात्री कुणीतरी कुणाला तरी ओलांडून संडासला जाणार, हे आधीच धरून चाला.

वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा भाग. इथे तळमजल्यावर माग बसवायला लांब हॉल बांधलेले असायचे. माग गेले की त्याच हॉलमध्ये आडव्या भिंती घालून एक खोली-किचनची तीन-चार घरं करून भाड्याने देणं मालकाला सोपं जातं. अशा घरात शिरलात की छत पुढच्या-मागच्या घरांतून सलग गेलेलं दिसतं. कधी मधल्या भिंती छताला टेकलेल्याच नसतात. वर वीतभर फट असते आणि शेजारच्या घरातली मालिका आपल्याला फुकट ऐकू येते. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती विटांची नाही, प्लायची किंवा बोर्डाची आहे. शेजारी अजून यंत्रमाग चालू आहेत का, हेही विचारा, आणि उत्तरावर न थांबता कामाच्या वेळी एक चक्कर मारा. रविवारी सकाळी घर दाखवणारा मालक खोटं बोलत नसतो. त्या वेळी माग बंद असतात, इतकंच.

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर या बाजूला प्लॉट बऱ्यापैकी चौकोनी असतात. बरेच बंगले पाडून अपार्टमेंटं झाली. तिथला विचित्रपणा वेगळा: एका मजल्यावर दोन फ्लॅट ऐसपैस बसले असते तिथे चार बसवलेले असतात. मग दोन फ्लॅटना रस्ता मिळतो नि दोघांना मागची भिंत. निपाणीसारख्या गावात एखादी तंबाखूची वखार मोडून तिच्याच पायावर खोल्या काढलेल्या असल्या, तर दर्शनी दार मोठं आणि बाजूंना खिडक्याच नाहीत, असं दिसू शकतं.

नऊ इंची भिंत मध्येच का?

घर नंतर बदललंय का, हे भिंतींच्या जाडीवरून बरंच कळतं. विटांच्या बांधकामात बाहेरची भिंत साधारण नऊ इंची आणि आतली साडेचार इंची असते. जांभ्या चिऱ्यांच्या किंवा मातीच्या जुन्या घरांत बाहेरची भिंत त्याहून कितीतरी जाड. दाराच्या चौकटीजवळ उभं राहून जाडी बघायची, टेपही लागत नाही. घराच्या ऐन मध्ये नऊ इंची भिंत दिसली तर बहुधा एके काळी घर तिथेच संपत होतं. पलीकडची खोली गॅलरी होती, मागचं अंगण होतं किंवा शेजारचा फ्लॅट होता. अशा जोडावर पावसाळ्यात ओल येते का, हे विचारायला हवं, कारण जुनं नि नवं बांधकाम वेगवेगळं खचतं आणि दोघांच्या मध्ये भेग पडते. नवा रंग दिलेला असेल तर भेग झाकलेली असते, तरी बोट फिरवलं की हाताला लागते.

छताकडेही बघा. आरसीसीच्या बिल्डिंगमध्ये वजन कॉलम आणि बीम पेलतात, भिंती नुसत्या आडोशाला असतात. खोलीच्या मधोमध छतातून बीम आडवा गेलेला दिसला, तर बहुधा त्याच्याखाली आधी भिंत होती आणि ती काढून खोली मोठी केलीय. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण जुन्या, जाड भिंतींच्या, कॉलम नसलेल्या घरात भिंतीच स्लॅबचं किंवा आढ्याचं वजन घेत असतात. अशा घरात दुकानासाठी किंवा मोठ्या हॉलसाठी भिंत फोडली असेल आणि वर लोखंडी गर्डर किंवा बीम काहीच दिसत नसेल, तर भाडं कितीही कमी असो, ते घर मी कुणाला सुचवणार नाही.

बाथरूमची पायरी

एकच गोष्ट बघायला वेळ मिळणार असेल तर ही बघा.

संडास-बाथरूमचं सांडपाणी उतारानं वाहून जायला हवं. त्यासाठी बांधतानाच बाथरूमपुरता स्लॅब नऊ इंच ते फूटभर खाली घेतात, त्या खड्ड्यात पाइप टाकतात, नहाणी ट्रॅप (जाळीखालची वास अडवणारी वाटी) बसवतात, वर भर घालून फरशी करतात. म्हणून मूळच्या बाथरूमची फरशी घराच्या पातळीला किंवा इंचभर खाली असते. तुमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला पायरी चढून जावं लागत असेल, तर शंभरातल्या बहुतेक वेळा ते बाथरूम नंतर केलेलं असतं. स्लॅब खाली घेतलेला नव्हता, म्हणून पाइप स्लॅबच्या वर टाकले आणि ते झाकायला फरशी उचलली.

नंतर केलं म्हणून बिघडलं काय? तीन गोष्टी बिघडू शकतात. पहिली, उतार. जागा कमी असल्याने पाइपला उतार कमी मिळतो, आणि संडास वरचेवर तुंबतो. फ्लश दोनदा करून बघा आणि बादलीभर पाणी एकदम जाळीवर ओता. पाणी फिरत फिरत गेलं तर ठीक, तळं साचून सावकाश उतरलं तर हे दुखणं कायमचं आहे. दुसरी, वॉटरप्रूफिंग. वरून बसवलेल्या बाथरूमचं पाणी पायरीच्या कडेनं शेजारच्या खोलीच्या भिंतीत उतरतं. बाथरूमच्या मागची भिंत जमिनीपासून दोन फुटांपर्यंत हात लावून बघा. गिलावा फुगलेला, रंगाचे पापुद्रे किंवा पांढरे क्षार दिसले तर तिथे कपाट ठेवायचं नाही, कपडे कुजतात. तिसरी गोष्ट शेजारधर्माची. काही ठिकाणी पाइप वर न टाकता स्लॅबला भोक पाडून खालच्याच्या छताखालून नेलेला असतो. मग गळती तुमची, छत खालच्याचं आणि भांडण दोघांचं. मालक गावाला.

एक साधी तपासणी बाहेरूनही होते. बिल्डिंगच्या मागे किंवा डक्टमध्ये उभे पाइप असतात. संडासाचा पाइप साधारण ११० मिलिमीटरचा, बाकी सांडपाण्याचा ७५ चा. बिल्डिंग एका नकाशावर बांधलेली असेल तर सगळ्या मजल्यांचे संडास एकावर एक येतात आणि जाड पाइप सरळ खाली उतरतो. तुमच्याच मजल्यावर एक पाइप वाकडा निघून भिंतीवरून आडवा धावत जाऊन मुख्य पाइपला मिळालाय का? तसं असेल तर तुमच्या मजल्यावर काहीतरी हलवलंय. आणि तुमच्या किचनच्या बरोबर वर कुणाचा संडास आलाय का, तेही याच पाइपांवरून कळतं. याचं शिवाशिवीशी काही देणंघेणं नाही. गळती सुरू झाली तर ती ओट्यावर पडणार, म्हणून बघायचं.

दुसरा मजला म्हणजे नेमका कितवा?

"सेकंड फ्लोअरला आहे" असं सांगितलं जातं आणि आपण चार जिने चढून धापा टाकत पोहोचतो. आपल्याकडे जमिनीला लागून तळमजला, त्याच्या वरचा पहिला, हे सगळ्यांना माहीत. पण खाली पार्किंगसाठी नुसते खांब सोडलेले असले की त्याला स्टिल्ट म्हणतात आणि मजल्यांची मोजणी त्याच्या वरून होते. पुढे दुकानं असली तर लोअर ग्राउंड, अप्पर ग्राउंड असे दोन तळमजले. म्हणजे दुसरा मजला हा चढायला चौथाही असू शकतो. सिलिंडर, तांदळाचं पोतं आणि सत्तरीच्या आईचे गुडघे यांना नावाशी देणंघेणं नसतं. पायऱ्या मोजायच्या.

उतारावरच्या प्लॉटवर आणखी एक प्रकार बघायला मिळतो, आणि नवख्या माणसाचा तिथे हमखास गोंधळ उडतो. जमीन पुढे उंच नि मागे खोल असते. बिल्डर भराव घालण्याऐवजी बिल्डिंगचे दोन भाग अर्ध्या मजल्याच्या फरकानं बांधतो. जिना मध्ये. एक मजला साधारण दहा फुटांचा धरला तर जिन्याच्या दहा पायऱ्या चढल्या की मधल्या चौथऱ्यावर मागच्या भागाचे फ्लॅट, आणखी दहा चढल्या की पुढच्या भागाचे. म्हणजे २०१ आणि २०२ हे नंबर शेजारी, पण दोघांच्या दारांत पाच फुटांचा फरक. लिफ्ट असली तर ती एकाच भागाच्या पातळीला थांबते. दुसऱ्या भागातल्या लोकांना लिफ्ट असूनही दहा पायऱ्या चढाव्या किंवा उतराव्या लागतात. लिफ्टचा मेंटेनन्स मात्र दोघांना सारखाच लागू शकतो, तो आधी विचारून घ्या.

या रचनेत मागच्या भागाचा सगळ्यात खालचा फ्लॅट बघताना डोळे उघडे ठेवा. मागून तो तळमजला वाटतो, पुढच्या बाजूला मात्र त्याची एक भिंत मातीला टेकलेली असते. ती भिंत पावसाळाभर ओल शोषते. जुन्या तळमजल्यांचंही असंच होतं, कारण रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत रस्ता उंच होतो आणि घर खड्ड्यात जातं. ऑगस्ट २०१९ च्या पावसात बेळगावातल्या सखल भागांत घरांत पाणी शिरलं होतं. त्या वेळी इथे पाणी आलं होतं का, आणि आलं तर कुठवर, हे शेजाऱ्यांना विचारा. पाण्याला भाडोत्री मिळवायचा नसतो, शेजाऱ्यालाही नसतो. दोघांची साक्ष खरी.

फ्लॅटचे नंबरही एका पद्धतीचे नसतात. कुठे १०१, १०२. कुठे एफ-१, एस-२, टी-३, म्हणजे फर्स्ट, सेकंड, थर्ड. कुठे मालकाने एकाच फ्लॅटचे दोन करून २०२ आणि २०२-ए. हा "ए" दिसला की सावध व्हा, कारण त्याची खरी गंमत मीटरच्या बोर्डावर कळते.

मीटर, टाकी आणि एकाच नळावरची दोन घरं

जिन्याखाली हेस्कॉमचे, म्हणजे इथल्या वीज कंपनीचे, मीटर रांगेने लावलेले असतात. प्रत्येक मीटरला एक आरआर नंबर, म्हणजे त्या वीजजोडणीचा क्रमांक, असतो आणि तो बिलावर छापलेला असतो. बिल कन्नडमध्ये असलं तरी हा नंबर वाचता येतो. मालकाकडून शेवटचं बिल मागा, नंबर जुळवा. मग एकाला खाली उभं करून फ्लॅटमध्ये गिझर किंवा इस्त्री लावा. डिजिटल मीटरवरचा बारका लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला तर मीटर तुमचाच. दुसऱ्याच मीटरचा दिवा नाचायला लागला, तर आधी तो गुंता सोडवायचा, डिपॉझिट मग.

कर्नाटकात याला जास्त महत्त्व आहे, कारण २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वापराला २०० युनिटच्या मर्यादेत सवलत मिळते आणि भाडेकरूलाही ती घेता येते. पण ती आरआर नंबरला जोडलेली असते. एका फ्लॅटचे दोन केलेले असले आणि मीटर एकच असला, तर दोन्ही घरांचा वापर एकत्र मोजला जातो. दोन फ्रीज, दोन गिझर, दोन टीव्ही मिळून आकडा २०० च्या वर गेला की सगळंच बिल भरावं लागतं. आत मालकाने लावलेला सब-मीटर हा त्याचा खासगी हिशेब. हेस्कॉमला त्याच्याशी कर्तव्य नाही. युनिटला किती पैसे घेणार, हे मालकाच्या तोंडून स्पष्ट काढून घ्या. आधीच्या भाडेकरूचं नाव त्या आरआर नंबरला अजून जोडलेलं असेल तर ते काढून घेतल्याशिवाय तुमचा अर्ज पुढे सरकत नाही. आणि ऑफिस किंवा दुकानाची जागा फ्लॅट म्हणून दिलेली असेल तर मीटर व्यापारी दराचा असू शकतो. तिथे योजनाही नाही आणि दरही चढा. किचनचा ओटा नवा कोरा, पण बाथरूम सगळ्या मजल्याला मिळून एकच, अशी खूण दिसली की हा प्रश्न विचाराच.

पाण्याचं गणित थोडं वेगळं. महापालिकेचं पाणी बहुतेक ठिकाणी आधी जमिनीतल्या संपमध्ये (हौदात) पडतं, तिथून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि टाकीतून घरात उतरतं. बोअरचं पाणी असलं तर त्याची टाकी वेगळी असते किंवा दोन्ही एकत्र मिसळलेलं असतं. टाकीपासून नळ जितका खाली तितका जोर जास्त. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यापासून जेमतेम आठ-दहा फुटांवर असते, म्हणजे दाब जेमतेम पाव किलो. म्हणून वरच्या मजल्यावर शॉवर रडतो आणि तळमजल्यावर नळाची तोटी उडते. बिल्डरने टाकी उंच चौथऱ्यावर ठेवली असेल तर फरक पडतो, तेवढं गच्चीवर जाऊन बघायचं. गच्चीवर सहा काळ्या टाक्या ओळीनं असतील तर आपली कोणती, ती किती लिटरची आणि तिच्यावर आणखी कोण आहे, हे एकदाच विचारून घ्या. २०२ आणि २०२-ए एकाच टाकीवर असतील तर सकाळी सातला कोण आधी आंघोळ करतो, यावर संसार चालणार.

डक्ट आणि गॅस गिझर

डक्ट म्हणजे बिल्डिंगच्या पोटातली उभी मोकळी पोकळी. संडास-बाथरूमची हवा बाहेर जावी आणि पाइप झाकले जावेत म्हणून ती सोडतात. गरम हवा वर चढते, वरचं तोंड उघडं असेल तर निघून जाते, आणि खालून ताजी हवा ओढली जाते. इतकं साधं आहे. पण पाऊस आत येतो म्हणून कुणीतरी वरून पत्रा किंवा फायबरची शीट ठोकतो आणि ही ओढ बंद पडते. मग खालच्याची फोडणी वरच्याच्या बाथरूममध्ये आणि सगळ्यांचा दमटपणा सगळ्यांकडे. डक्टच्या खिडकीतून मान वर करून आकाश दिसतं का, ते बघा. खालीही बघा. तळाला कचऱ्याचा ढीग आणि कबुतरांची वस्ती असेल तर तिथे जायला दार कुणाच्या घरातून आहे आणि सफाई कोण करतं, हे विचारा. किचनची एकमेव खिडकी अशा डक्टमध्ये उघडत असेल तर ते घर मला तरी परवडणारं नाही, भाडं हजारभराने कमी असलं तरी.

यातली खरी धोक्याची बाजू गॅस गिझरची आहे. बंद बाथरूममध्ये गॅस पेटला की प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. आंघोळीला गेलेलं माणूस चक्कर येऊन पडतं आणि कडी आतून लावलेली असते. अशाने माणसं दगावली आहेत. गॅलरी काचा लावून खोलीत घेतली की आधी मोकळ्या हवेत उघडणारी बाथरूमची खिडकी आता त्या बंद खोलीत उघडते. रचनेतला हा बदल वरवर बघता लक्षातही येत नाही. तुमच्या बाथरूमची हवा नक्की कुठे जाते, ते शोधा. बाहेर मोकळ्यात जात नसेल तर गॅस गिझर आत ठेवायचाच नाही. तो बाहेरच्या भिंतीवर लावायचा, नाहीतर विजेचा घ्यायचा. या बाबतीत "आधीचे लोक हाच वापरत होते की" हे उत्तर चालवून घेऊ नका.

पावसाची बाजू

बेळगावचा पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून झोडपतो, खानापूरकडे तर विचारूच नका. पश्चिमेच्या भिंतीला खिडकीवर छज्जा आहे का, आणि गॅलरी बंद करताना तो छज्जा कापला गेला का, हे पाहायचं. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीला पत्र्याचं शेड असेल तर गळतीची काळजी कमी, आणि कपडे वाळत घालायला, उन्हाळ्यात सांडगे-पापड करायला जागा मिळते. पण ते शेड सगळ्यांचं की वरच्याच्या एकट्याच्या चावीचं, इथे वाद होतात.

कधी वरचा अख्खा मजलाच नंतर चढवलेला असतो. ओळखायच्या खुणा: लिफ्ट एक मजला आधीच संपते, शेवटचा जिना अरुंद नि चढा होतो, गिलाव्याचा पोत बदलतो, वर स्लॅबऐवजी पत्रे असतात. परवानगी तीनची आणि बांधले चार, असा मामला असू शकतो. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इथे अजूनही सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेचा क्रमांक) आणि उतारा (मिळकतीच्या नोंदीचा कागद) हेच शब्द चालतात. भाडेकरूला सगळा उतारा तपासायची गरज नाही. पण या मजल्याला स्वतंत्र मीटर आहे का, एवढ्या एका प्रश्नात बरंच उघड होतं.

वास्तुशास्त्रामुळे झालेल्या करामती मी इथे सोडून देतो. बंद केलेलं दार, कोपऱ्यात सरकवलेला ओटा, उगीच ठेवलेली पायरी, यांचा त्रास सहसा सोयीपुरताच असतो. ओट्याशेजारी सिलिंडर ठेवायला हवेशीर जागा उरलीय ना आणि बंद केलेलं दार हे बाहेर पडायचं एकमेव दुसरं दार तर नव्हतं ना, एवढं बघितलं की झालं. लोखंडी जाळ्यांनी गच्च बांधलेल्या गॅलऱ्या आणि एकच जिना असलेल्या बिल्डिंगमध्ये त्या जिन्यावर चपलांची कपाटं नि सायकली किती आहेत, तेही जाता जाता बघून ठेवा.

चौरस फूट सांगतील त्यावर फार विसंबू नका. घरबांधणी व्यवसायासाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे: आतली वापरायची जागा, त्यात आतल्या भिंती धरायच्या, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची गॅलरी नि गच्ची धरायची नाही. "नऊशे फूट" म्हणून सांगितलेल्या आकड्यात बहुधा जिना आणि लिफ्टचा वाटाही आलेला असतो. लांबोडक्या फ्लॅटमध्ये त्यातून पॅसेज वजा केला की उरतं ते बघा. कपाट आणि पलंग यांची मापं खिशात असली की बरं.

कागदावर काय घालायचं

बहुतेक करार अकरा महिन्यांचे होतात, कारण एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार कायद्याने नोंदवावा लागतो. छापील करारात घराचं वर्णन एका ओळीचं असतं: अमुक नंबरचा फ्लॅट, अमुक मजल्यावर. विचित्र रचनेच्या घराला एवढं पुरत नाही. २०२-ए चा नंबर बाहेर पाटीवर आहे, बिलावर आहे की नुसता मालकाच्या डोक्यात आहे? मागची खोली कराराच्या आत की बाहेर? कुलूप लावून मालकाने आपलं सामान ठेवलेली एक खोली असते, ती तुमच्या भाड्यात मोजलीय का?

म्हणून वहीच्या कागदावर हाताने घराचा नकाशा काढा. सुबक नको, चौकोन पुरेत. कोणती खोली कुणाची, बाथरूमची पायरी कुठे, ओल आधीपासून कुठे होती, आरआर नंबर कोणता, टाकी कोणती, पार्किंगचा खांब कोणता, गच्चीची चावी कुणाकडे, हे त्यावर लिहा. करार कन्नडमध्ये असेल तर कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तो आधी वाचून घ्या आणि नकाशावरचं तिथे आलंय का, ते बघा. मग हा कागद कराराला जोडून दोघांच्या सह्या घ्या आणि दोघांनी एकेक झेरॉक्स ठेवा. मालक हसतील. "एवढं काय ओ, आमच्यावर भरोसा न्हाई काय?" म्हणतील. भरोसा आहे मामा, म्हणायचं, पण घर सोडताना ओल कुणी आणली यावर डिपॉझिट अडायला नको, म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय. सही करत असतील तर टोकन द्या.